शेतीचा झोन बदलतोय : हरकत कशी द्यायची, सुनावणीत काय बोलायचं?

पांदणवाट (धागाकर्ता)

आमच्या गावाला लागून असलेले काही गट शेती विभागातून काढून औद्योगिक विभागात टाकायचा प्रस्ताव निघालाय. राजपत्रात सूचना छापून आलीय, मुदत सुरू झालीय. पारावर, पानठेल्यावर रोज हाच विषय आहे, पण अजून एकाही माणसाचा कागद कार्यालयात पोचलेला नाही. शेजारच्या गावाच्या अशाच फेरबदलात मी हरकतदार होतो. तिथं जे पाहिलं ते इथं लिहितो. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घालावी, आमच्यासारखी गावं विदर्भात बरीच आहेत.

सगळ्यात आधी मुदत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २० खाली प्रादेशिक योजनेत (कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या आराखड्यात) फेरबदल होतो, तेव्हा शासन सूचना काढून हरकती मागवतं. मुदत साधारण महिन्याभराची असते आणि ती सूचनेच्या तारखेपासून धावते. पेपरात जाहिरात उशिरा दिसली, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद आठ दिवसांनी चिकटला, म्हणून मुदत वाढत नाही. म्हणून सूचनेत छापलेली ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कोणत्या कलमाखाली आहे, हरकत कोणाच्या नावे आणि कुठल्या कार्यालयात द्यायची, हे त्यातच असतं. बहुतेक वेळा विभागाच्या सहसंचालक, नगररचना यांच्याकडे किंवा जिल्ह्याच्या सहायक संचालकांकडे.

दुसरं म्हणजे, लेखी हरकत गेली असेल तरच सुनावणीचं बोलावणं येतं. शेजारच्या गावातून सुनावणीच्या दिवशी टेम्पो भरून माणसं आली होती. नाव पुकारलं गेलं फक्त कागद देणाऱ्यांचं. बाकीचे दिवसभर व्हरांड्यात बसून परत गेले. त्यांच्यात असे म्हातारे होते ज्यांना त्या जमिनीचा कण न् कण ठाऊक. त्यांचं म्हणणं कुठंच नोंदलं गेलं नाही. हे मला फार लागलं, म्हणून हा धागा.

वऱ्हाडी_मानूस

भाऊ, लय कामाचा धागा काढला. पन एक सांगा, ज्याच्या नावानं सातबारा नाई त्यानं हरकत देल्ली तं चालते का? आमच्या इकडं अर्धे लोकं मक्त्यानं वावर करतेत, नाई तं मजुरीले जातेत. पटवारी म्हन्ते, तुमचा काय संबंध.

पांदणवाट

चालते. कायद्यात "कोणतीही व्यक्ती" असा शब्द आहे, जमीनमालक असा नाही. मक्तेदार, मजूर, बकऱ्या चारणारा, गावात माहेर असलेली बाई, सगळ्यांना हक्क आहे. पटवारी, तलाठी, सरपंच यांच्या होकाराची गरज नाही. कागद नगररचनेकडे जातो, त्यांच्याकडे नाही.

फक्त तुमचा संबंध काय ते पहिल्या चार ओळींत लिहा. "मी या गटालगतच्या पांदणीनं रोज कामाला जातो" एवढं लिहिलं तरी संबंध कळतो.

शंकूसाखळी

भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त आहे. मोजणीत हयात गेली, म्हणून कागदांबद्दल सांगतो.

झोनचा नकाशा कार्यालयात बसून तयार होतो. पिवळा रंग रहिवासाचा, हिरवा शेतीचा, जांभळा उद्योगाचा. त्या रंगाखाली गटाच्या रेषा असतात, पण लहान नाले, पांदणी, बोड्या (लहान तळी), आखर (गावची ढोरं जमतात ती जागा) पुष्कळदा दिसतच नाहीत, किंवा दिसतात ते एका बारीक रेघेएवढे. आमच्या खात्याच्या जुन्या गाव नकाशात मात्र त्या असतात. पांदण दुहेरी तुटक रेघेनं, नाला वळणासकट. म्हणून पहिलं काम, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित नक्कल काढा. ऑनलाइन भूनकाशा पाहायला ठीक आहे, पण सुनावणीत शिक्क्याची नक्कल ठेवली की समोरचा माणूस वाकून बघतो.

दुसरं काम बहुतेकांना सुचत नाही. आपल्या विदर्भात, विशेषतः जुन्या मध्यप्रांताच्या जिल्ह्यांत, प्रत्येक गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असतो. महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांचा आधार आहे. गुरं कुठं चरतील, जळण कुठून आणायचं, पाणी कुठलं, वाट कुठून, मासे धरायचा हक्क कोणाचा, हे सगळं त्यात लिहिलेलं. तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. काही ठिकाणी कागद इतका जीर्ण आहे की हाताळायला देत नाहीत, तरी नक्कल मागा. प्रस्तावातल्या गटातून वाजिब-उल-अर्जात नोंदलेली वाट जात असेल, तर ती हरकत हवेतली राहत नाही.

वऱ्हाडात, म्हणजे अमरावती-अकोल्याकडे, ई-क्लास जमिनीची, म्हणजे गावच्या गुरचराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीची, नोंद पाहा.

आणि नदी-नाला जवळ असेल तर पूररेषा. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लहान नाल्यांवर बहुधा रेषा आखलेलीच नसते. तिथं गावकऱ्यांचे फोटो हाच पुरावा. फोटोत ओळखता येईल अशी खूण हवी: पुलाचा कठडा, विहिरीचं तोंड, विजेचा खांब. नुसतं पाणीच पाणी दिसणारा फोटो कुठलाही असू शकतो.

कोरडवाहू

सगळे विरोधाचंच बोलून राहिले, मी दुसऱ्या बाजूचं बोलतो. माझी पाच एकर त्या पट्ट्यात येते. कपाशीला खर्च निघत नाही, सोयाबीनला येलो मोझॅक. पोरगा नागपूरला कंपनीत लागला, तो वावरात परत येणार नाही. झोन बदलला तर जमिनीला भाव येईल, कर्ज फिटेल. गावातल्या ज्यांची जमीन त्या पट्ट्यात नाही ते हरकती देणार आणि माझा भाव अडवणार. हे कोणत्या न्यायाचं?

पांदणवाट

दादा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते सुनावणीत यायला हवं. सूचनेत "हरकती व सूचना" असं लिहिलेलं असतं. पाठिंब्याचं पत्रही देता येतं, ते तुम्ही द्याच. तुमच्या वतीनं गावातला कोणी बोलणार नाही.

दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. त्या पट्ट्यातले किती सातबारे गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेरच्यांच्या नावे झाले, फेरफार पाहा. आमच्या शेजारच्या गावात सूचना निघण्याआधीच इसार देऊन मोक्याचे गट घेतलेले होते. झोन बदलल्यावरचा भाव त्यांना मिळाला. मूळ शेतकऱ्यांनी शेतीच्या भावानं आधीच विकलं होतं. तुम्ही अजून मालक आहात, तेव्हा घाईनं इसार घेऊ नका.

दुसरं, तुमची पाच एकर उद्योगात गेली आणि पाणी निघायची वाट ठरवलीच नाही, तर पहिल्या जोरदार पावसात खालच्या शिवाराचं नुकसान होईल. तेव्हा सूचना अशी देता येते की बदल करा, पण नाल्याच्या दोन्ही काठांना मोकळी पट्टी ठेवा, पांदण नकाशात रस्ता म्हणून दाखवा, सांडपाणी नाल्यात सोडणार नाही अशी अट घाला. फेरबदल अटींसह मंजूर होतात. गावातले दोन्ही गट या अटींवर एक होऊ शकतात. शेजारच्या गावात ते झालं नाही, सगळा वेळ "पाहिजे" आणि "नको" यात गेला.

कोरडवाहू

पांदणीचं मान्य. ती बंद झाली तर माझ्याच उरलेल्या दोन एकरात बंडी जाणार नाही. अटींचं पत्र मीही देतो.

वैनगंगाकाठ

भंडाऱ्याकडून. आमच्याकडं मालगुजारी तलावांचा, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या सिंचन तलावांचा, प्रश्न असतो. तलावाचं पाणी नकाशात निळं दाखवतात, पण तलावात पाणी ज्या उतारावरून येतं तो येवा कुणी दाखवत नाही. त्या उतारावर प्लॉट पडले की तलाव कोरडा पडतो, खालच्या धानाला पाणी मिळत नाही. पाटबंधारे विभाग किंवा जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडून तलावाच्या लाभक्षेत्राची यादी घ्या आणि हरकतीला जोडा. "तलाव वाचवा" एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या गटांचं ओलित जाणार ते गट नंबरासह लिहा.

आणखी एक. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगलाच्या (महसुली कागदांत झुडपांची जमीन म्हणून लिहिलेल्या) नोंदी तपासा. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनी आहेत असं सांगितलंय. या जमिनींचा आकडा ८६,४०९ हेक्टर असा त्यात आहे. प्रस्तावातल्या एखाद्या गटाच्या जुन्या सातबाऱ्यावर झुडपी जंगल अशी नोंद असेल, तर तो मुद्दा हरकतीत सगळ्यात वर लिहा. केंद्राच्या परवानगीशिवाय तिथं वापर बदलणं इतकं सोपं नाही.

कोळसापट्टा

चंद्रपूर जिल्ह्यातून. इथं एक घोळ नेहमी होतो, तो आधी दूर करतो. खाणीची किंवा सिमेंट कारखान्याची "जनसुनावणी" वेगळी आणि झोन बदलाची सुनावणी वेगळी. आमच्याकडे लोक एकीला गेले की दुसरी झाली असं समजतात.

पर्यावरणाची जनसुनावणी १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार होते. किमान ३० दिवस आधी दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. जागा प्रकल्पाजवळ असते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष, प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजक. तिथं आधी अर्ज दिला नसला तरी उभं राहून बोलता येतं. गणपूर्तीची अट नाही. सगळ्याचं चित्रीकरण होतं.

शेवटचा अर्धा तास फार महत्त्वाचा. बोललेल्या मुद्द्यांचा गोषवारा सभेपुढं मराठीत वाचून दाखवायचा असतो आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची असते. तोवर मंडप रिकामा होतो. चहा-नाश्ता झाला, जोरात भाषणं झाली, की लोक घरी. मी थांबतो. एकदा आमच्या गावच्या विहिरींचा मुद्दा गोषवाऱ्यात "पाण्याबाबत चिंता" असा आला. मी उठून म्हणालो, साहेब, कोणत्या विहिरी, कोणत्या बाजूच्या, किती खोल गेल्या ते मी सांगितलंय, तसं लिहा. लिहिलं त्यांनी. चित्रीकरण चालू असताना शांतपणे मागितलं की लिहितात.

झोनच्या सुनावणीत हा मंडप नसतो, एक खोली असते आणि टेबल. त्याची तयारी वेगळी.

आखरावरची

बायकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या गावातून हरकती गेल्या तेव्हा सगळ्या पुरुषांच्या नावे. कापूस वेचायला, निंदायला त्या पांदणीनं रोज जातो आम्ही. पावसाळ्यात कुठं गुडघाभर चिखल होतो आणि कुठल्या दगडावर पाय ठेवून नाला ओलांडायचा, हे आमच्याइतकं कुणाला माहीत? बचतगटाच्या बैठकीत विषय काढला, प्रत्येकीनं आपापला कागद दिला.

सुनावणीत आमच्यातल्या एका आजीला साहेबांनी विचारलं, तुमची जमीन कोणती? आजी म्हणाल्या, "माझी नाई जी, पन मी त्या वावरात चाळीस वर्सं निंदन केलं. तिथं खोदसान तं तीन हातावर पानी लागते. तिथं कारखाना बसवता का?" खोलीत सगळे गप्प झाले. साहेबांनी नकाशा फिरवून आजींसमोर केला आणि विचारलं, नेमकं कुठं? आजींना नकाशा वाचता येत नव्हता. पण त्यांनी देऊळ कुठं ते विचारलं, मग तिथून बोट सरकवत नेलं आणि ठेवलं बरोबर नाल्याच्या वळणावर. साहेबांनी तिथं पेन्सिलनं खूण केली.

ग्रामसभेचंही सांगते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यातच आहे. तिथं ठराव घ्या, मग ग्रामसभेत आणा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला कमी आकडा लागतो. आमच्याकडं सभा रजिस्टरवरच होते बऱ्याचदा, म्हणून त्या दिवशी आम्ही रांगेनं जाऊन बसलो. ठरावात गट नंबर, सूचक, अनुमोदक, क्रमांक, तारीख सगळं असू द्या. सचिवांकडून त्याच आठवड्यात नक्कल घ्या.

गोंडवन

गडचिरोलीतून थोडंसं. अनुसूचित क्षेत्रात असाल तर १९९६ चा पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत, भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यामागं वर्षानुवर्षं लिहिलेली ग्रामसभेची रजिस्टरं आहेत. सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर त्या पट्ट्याचा नकाशा हरकतीला जोडाच.

वऱ्हाडी_मानूस

आता मले हिंमत आली. पन सायबापुढं गेलो का बोबडी वळते राजा. काय बोलाचं, किती बोलाचं, ते सांगा. आन दोनशे सह्यायचं एकच निवेदन देल्लं तं जमन का?

पांदणवाट

निवेदनाचं आधी. दोनशे सह्यांचं एक निवेदन आमच्या शेजारच्या गावानं दिलं होतं. त्याला एकच क्रमांक पडला आणि बोलायला एकालाच बोलावलं. त्यापेक्षा वेगवेगळे कागद द्या. मात्र एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर नावं बदलू नका. त्या एकत्र बांधून "समान हरकती" म्हणून निकालात निघतात. प्रत्येकानं आपल्याला माहीत असलेली एक गोष्ट लिहावी. नाल्याशेजारच्यानं नाल्याचं, ढोरं चारणाऱ्यानं आखराचं, शाळेच्या मास्तरांनी पोरांच्या वाटेचं, विहीरवाल्यानं पाण्याचं. अर्धं पान पुरे.

कागदावर वर सूचनेचा क्रमांक आणि तारीख, मग गावाचं नाव, तालुका, गट नंबर. मग तुमचा संबंध. मग मुद्दा. शेवटी मागणी स्पष्ट हवी: हा गट वगळा, किंवा ही अट घाला. "योग्य तो निर्णय घ्यावा" असं लिहू नका. त्यावर अधिकारी काय लिहिणार? आणि "मला समक्ष सुनावणी हवी आहे" ही ओळ न विसरता. मराठीत लिहा, राज्याचं कामकाज मराठीतच चालतं.

कागद देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. एका कार्यालयात मला "ठेवून जा, पाहतो" म्हणाले होते. मी टेबलापाशी उभा राहिलो, शिक्का मिळाला. लांब असाल तर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, पण मुदतीच्या आधी पोचेल असं.

आता खोलीतलं. मिनिटं थोडीच मिळतात, कारण यादी मोठी असते. साहेब पहिल्यांदा विचारतात, गट कोणता? तो पाठ असू द्या. मग नकाशाची नक्कल टेबलावर उलगडा आणि बोट ठेवा. "साहेब, प्रस्तावाच्या नकाशात इथं काही नाही. गाव नकाशात इथं नाला आहे. हा गेल्या पावसाळ्यातला फोटो, हा पुलाचा कठडा." एवढं झालं की तुमचं मुख्य काम झालं. राजकारण, कोणी कोणाकडून पैसे घेतले, हे तिथं काढू नका. खरं असलं तरी त्या खोलीतला अधिकारी त्यावर काही लिहू शकत नाही, आणि तुमचा वेळ तिथंच संपतो.

बोबडी वळली तर लिहून नेलेलं वाचा. वाचलेलंही चालतं. आणि बोलल्यावर जोडलेल्या कागदांची यादी एका कागदावर देऊन त्याचीही पोच घ्या.

शंकूसाखळी

पांदणवाट यांनी बोट ठेवायचं सांगितलं, त्यात एक भर. नकाशाच्या नक्कलेवर तुम्ही काढलेल्या खुणा वेगळ्या रंगानं, आणि बाजूला "हरकतदाराने केलेली खूण" असं लिहा. शिक्क्याच्या नक्कलेवर हातानं काही काढलं आणि ते सांगितलं नाही, तर सगळा कागदच संशयात जातो. दोन नक्कला काढा, एक कोरी ठेवा.

कोळसापट्टा

सुनावणीनंतरचंही लिहून ठेवतो. अधिकारी अहवाल शासनाकडे पाठवतात आणि शासन फेरबदल मंजूर करतं, बदलून मंजूर करतं किंवा नाकारतं. त्यात बराच काळ जातो आणि तुम्हाला कुणी पत्र पाठवत नाही. म्हणून माहितीचा अधिकार, २००५ खाली अहवालाची आणि तुमच्या हरकतीवर काय अभिप्राय दिला त्याची प्रत मागा. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, ३० दिवसांत उत्तर. "हरकतदाराने पुरावा सादर केला नाही" असा शेरा आला आणि तुमच्याकडे आवक शिक्का आणि यादीची पोच असेल, तर पुढं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जायची वेळ आली तरी वकिलाच्या हातात काहीतरी असतं.

आखरावरची

वऱ्हाडी भाऊ, तुमच्या गावात बचतगट असतीलच. त्यांच्या बैठकीचा दिवस विचारा आणि कोरे कागद, पेन, सूचनेची प्रत घेऊन जा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं नववी-दहावीच्या पोरी लिहून देतात. अंगठा चालतो, बाजूला साक्षीदाराची सही घ्या.

वऱ्हाडी_मानूस

जमलं. आमच्या वहिनी बचतगटाच्या अध्यक्ष हायेत, शुक्रवारी बसतेत त्या. गाव नकाशाचा अर्ज मी आजच तालुक्याले देऊन आलो. निस्तार पत्रक पाहाले सोमवारी तहसीलीत जातो. बाबायले ईचारलं तं ते म्हनले, नाल्यापलीकडं गावाचा जुना आखर होता, तो आता कोन्या गटात गेला ते कोनालेच मालूम नाई. तो सापडला तं इथं नंबर टाकतो.

शंकूसाखळी

निस्तार पत्रकात आखराचा जुना सर्व्हे नंबर असेल, आताचा गट नंबर नसेल. जमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात नंबर बदलले. दोन्हींचा मेळ घालणारा तक्ता भूमी अभिलेखकडे असतो, गाव नकाशा घ्यायला जाल तेव्हा तोही मागा. नंबर टाका इथं, मी जुळवून देतो.